पहिला दाढीचा ब्रश कुठला घ्यावा?

काठावरचा
सेफ्टी रेझर आला, ब्लेडची पाकिटं आली, साबणाचा डबाही उघडून हुंगून झाला. गाडी ब्रशपाशी अडली आहे. बॅजर (बिळात राहणारा एक प्राणी), बोअर (डुक्कर), घोडा, सिंथेटिक (कृत्रिम धागा) असे ब्रशच्या केसांवरून चार पंथ आहेत एवढं कळलं. प्रत्येक पंथाचे लोक उरलेल्या तिघांना वेड्यात काढतात हेही कळलं. पण नवशिक्यानं काय करायचं ते कोणी सरळ सांगत नाही.

माझी माहिती अशी: साबण घट्ट वडीचा आहे, क्रीम नाही. त्वचा नाजूक, गळ्यावर पटकन पुरळ उठतं. दाढी रोज. ब्रश एकच घ्यायचा आहे, संग्रह वगैरे करायचा नाही. शिवाय २२, २४, २६ मिमी म्हणजे नक्की कशाचं माप आणि लॉफ्ट काय भानगड आहे, तेही कोणीतरी उलगडून सांगा.

तिरपा_डोळा
"ब्रश एकच घ्यायचा आहे, संग्रह करायचा नाही."
हे वाक्य फ्रेम करून ठेवा. इथल्या प्रत्येकानं कधीतरी लिहिलेलं आहे. :))

फेसबहाद्दर
सरळ उत्तर हवंय ना? मग सिंथेटिक, २४ मिमी, मध्यम उंचीचा. विषय संपला असता, पण कारणं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

नवशिक्याचा फेस बिघडला की त्याला कळत नाही की दोष साबणाचा, पाण्याचा, हाताचा की ब्रशचा. सिंथेटिक घेतला की त्यातली निदान एक भानगड कमी होते. तो भिजत घालावा लागत नाही, कारण त्याचे धागे पाणी पितच नाहीत, पाणी राहतं ते धाग्यांच्या मधल्या जागेत. पहिल्या दिवशी जसा वागतो तसाच पुढेही वागतो. नव्या बोअरला किंवा बॅजरला येतो तो जनावराचा वास नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हातात घ्याल तेव्हा खडखडीत वाळलेला असतो. तुम्ही रोज दाढी करता आणि ब्रश एकच ठेवणार आहात, तेव्हा हा मुद्दा लहान समजू नका.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी मी हा सल्ला दिला नसता. तेव्हाचे नायलॉनचे ब्रश म्हणजे ताठ, टोचरे, फेस धरायलाच तयार नसायचे. आताचे धागे टोकाला निमुळते आणि मऊ असतात. डोळे मिटून गालावर फिरवला तर बऱ्याच जणांना बॅजरच वाटेल.

खडूसकाका
फेसबहाद्दर, तुमचं सगळं बरोबर, पण धागाकर्त्यांनी घट्ट साबण म्हटलंय ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. घट्ट वडीला खरवडून साबण उचलायला कणा लागतो. तो डुकराच्या केसाला जन्मजात असतो. बोअरचा केस बुडाशी जाड आणि वापराबरोबर टोकाला फाटत जातो. एकाच केसाची दोन-तीन बारीक टोकं होतात. म्हणून रुळलेला बोअर गालाला मऊ आणि साबणाला खमक्या, दोन्ही असतो. हा गुण दुसऱ्या कशात नाही.

रुळायला वेळ लागतो हे कबूल. सुरुवातीचे काही आठवडे तो टोचणार, फेस पिऊन टाकणार, वास मारणार. पण एवढा धीर नसेल तर माणसानं पारंपरिक दाढीच्या नादी लागावं कशाला? आणि खिशालाही बोअरच सगळ्यात हलका.

सटरफटर
+१ खडूसकाका. इटलीचा ओमेगा किंवा पोर्तुगालचा सेमोग. दोन्ही बोअरमधली जुनी घराणी. डोळे झाकून घ्या.

फेसबहाद्दर
काका, वाचलंय हो. पण त्याच पोस्टमध्ये "त्वचा नाजूक, गळ्यावर पुरळ" असंही लिहिलंय, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. न रुळलेला बोअर पुरळावर घासायचा म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि साबण उचलायला कणा लागतो हे अर्धंच खरं. वडीवर थोडं पाणी घालून दोन मिनिटं ठेवा, वरचा थर मऊ होतो. मग सिंथेटिकही पोटभर साबण उचलतो.

आळशी_कासव
प्रामाणिक प्रश्न, राग मानू नये. डब्याचं बटण दाबलं की फेस हातात. तो तोंडाला फासायचा, दाढी करायची, कामाला लागायचं. जनावराचे केस गालावर फिरवून नक्की मिळतं काय?

तिरपा_डोळा
आलेत. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मापाडी
कासवराव, राग कसला. ब्रश तीन कामं करतो, डबा त्यातलं पाव काम करतो.

दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. पाणी प्यायला की मऊ पडतो आणि पात्याला जोर कमी लागतो. त्याला दोनेक मिनिटं ओलावा मिळावा लागतो. ब्रश फिरवताना तो वेळ आपोआप जातो आणि ओलावा थेट खुंटांच्या मुळाशी पोचतो. दुसरं, आडवे पडलेले खुंट उभे राहतात. तिसरं म्हणजे फेसात पाणी किती ते तुमच्या हातात राहतं. डब्यातला फेस हवेनं फुगवलेला असतो, दिसायला भरघोस पण ओलावा बेताचाच. चार-पाच पात्यांच्या कार्ट्रिजला तो चालून जातो. एका उघड्या पात्याच्या रेझरला गुळगुळीतपणा जास्त लागतो.

आता धागाकर्त्यांच्या मापांबद्दल. २४ मिमी म्हणजे केसांचा गुच्छ मुठीतून जिथे बाहेर येतो तिथला व्यास. या गुच्छाला सगळे नॉट म्हणतात. लॉफ्ट म्हणजे मुठीच्या कडेपासून टोकापर्यंत केसांची उंची. ही दोन मापं एकत्रच वाचायची. २४चा नॉट आणि ५० मिमीच्या आसपास लॉफ्ट असेल तर ब्रश ना ढिला ना ताठर. त्याच नॉटवर लॉफ्ट ६० झाला की तो लोळायला लागतो, आणि ४५वर आणला की गालाला ढुशा देतो. नॉट २८-३०चा घेतला तर फेस इतका होईल की पहिल्या फेरीला नाकात आणि कानात. बारीक चेहऱ्याला किंवा मिशी राखणाऱ्याला २२ बरा पडतो, ओठावर नेमका फिरवता येतो.

आकारांत दोन मुख्य. टोकाशी घुमटासारखा गोल तो बल्ब, पसरट तो फॅन. पहिल्यासाठी बल्ब घ्या. मूठ मधे बारीक, कमरेची असलेली बघा. साबणाच्या हातातून गुळगुळीत सरळ मूठ कधी निसटेल सांगता येत नाही आणि खाली बहुधा फरशीच असते.

सटरफटर
मापाडीसाहेब, मग ओमेगाचा तो प्रसिद्ध १००४९ एवढा उंच का? त्याचा लॉफ्ट तर ताडमाड आहे.

मापाडी
कारण तो मुळात व्यावसायिक न्हाव्यांसाठीच्या मालिकेतला आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्याला फेस लावायचा तर आपली बोटं त्याच्या गालाला लागू नयेत म्हणून लांब मूठ आणि लांब केस सोयीचे. स्वतःच्या चेहऱ्यावर वापरणारेही खूप आहेत, त्यात वाईट काही नाही. पण वाडग्यात फेस करून मग लावणाऱ्याला तो जास्त रुचतो. थेट गालावर फेस काढणाऱ्याला आखूड मूठ आणि आखूड लॉफ्ट हवा.

असंच_एक
इथे बॅजरचं नावही कोणी काढेना म्हणून लिहितो. बॅजर पहिला ब्रश म्हणून घेऊ नये असं माझं मत आहे, आणि मी स्वतः बॅजरवालाच आहे.

कारण प्रतवारी. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशी चढती भाजणी सगळे सांगतात, पण ही नावं ठरवणारी कुठलीही स्वतंत्र संस्था नाही. एका कारखान्याचा बेस्ट दुसऱ्याच्या सुपरहून सरस निघू शकतो. खालच्या दर्जाचा प्युअर काही वेळा चक्क बोअरपेक्षा जास्त टोचतो, आणि लोक "बॅजर" एवढा एकच शब्द वाचून पैसे मोजतात. त्यात बोअरच्याच केसांना मधे काळा पट्टा रंगवून बॅजरचा अवतार दिलेले ब्रशही असतात. तिथे फसवणूक असतेच असं नाही, लेबल नीट वाचलं की कळतं. पण नवशिका लेबल नाही, फोटो बघतो.

चांगला बॅजर मात्र चांगलाच. दाट, ऊबदार, पाणी धरून ठेवणारा. त्याचा एक दुर्गुण असा की नॉट फार दाट असला तर फेस पोटात दाबून ठेवतो, मुठीशी पिळल्याशिवाय सोडत नाही.

निंबोणी
बायकांनी या धाग्यावर यावं की नाही माहीत नाही, पण पायांना केस असतात आणि ब्रश त्यांनाही चालतो, तेव्हा आले.

केस कुठून येतात याबद्दल कोणी काहीच बोललं नाही. बॅजर मारल्याशिवाय बॅजरचा ब्रश होत नाही, आणि हा माल प्रामुख्याने चीनमधून येतो. ब्रिटनमध्ये तर बॅजर संरक्षित आहे, १९९२चा त्यासाठी खास कायदा आहे, म्हणून तिथले नावाजलेले कारखानेही केस बाहेरूनच आणतात. डुकराचे केस बहुतांशी मांसाच्या धंद्याची उरलेली वस्तू. घोड्याची आयाळ किंवा शेपूट कापली तर घोडा मरत नाही, पुन्हा वाढते. ज्याला या कशातच पडायचं नाही त्याच्यासाठी सिंथेटिक आहे. आपापलं ठरवा, पण माहीत असून ठरवा.

खडूसकाका
निंबोणीताई, बायकांनी यावं की नाही हा प्रश्नच नाही, तुम्ही आलात म्हणून धाग्यात चार कामाच्या गोष्टी तरी आल्या. पायांना मोठा नॉट घ्या, २८चा. तिथे माझा विरोध नाही.

इतिहासवेडा
घोड्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दाढीच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे नोंदल्या गेल्या, सैनिकांत आणि नागरिकांतही. कारण घोड्याचे केस. युद्धामुळे मालाचे नेहमीचे रस्ते तुटले, बॅजरचा तुटवडा पडला आणि घोड्याचे केस रंगवून नकली बॅजर बाजारात आले. त्यातले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. अँथ्रॅक्सच्या जंतूंचे बीजाणू अतिशय चिवट, केसांत तग धरून राहतात. पात्यानं जरा खरचटलं की तिथून आत शिरायला वाट मोकळी.

आणि नेमका तोच काळ सैनिकांना गुळगुळीत दाढी सक्तीची होण्याचा. दाढी वाढलेली असली की विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही. जिलेटच्या सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४चं, पण तो अमेरिकेत घरोघरी पोचला तो या युद्धामुळे. सैनिकांना सरकारनंच रेझरचे संच दिले होते.

आजच्या ब्रशला घाबरायचं कारण नाही, केस निर्जंतुक केलेले असतात. पण त्या काळातला एखादा पुराणा ब्रश जुन्या बाजारात मिळाला तर कपाटात शोभेला ठेवा, गालाला लावू नका.

आळशी_कासव
दाढीचा ब्रश विचारायला आलेल्या माणसाला अँथ्रॅक्स. म्हणून मी डबा वापरतो.

तिरपा_डोळा
हे वाचून नवीन सभासद दाढी वाढवणार. =))

काठावरचा
सगळ्यांचे आभार. मापांचा घोळ पूर्ण मिटला. खरेदीआधी चाचणी म्हणून मित्राचा सिंथेटिक दोन-तीनदा वापरून बघितला, तर वेगळीच अडचण. फेस होतो, मोठमोठे बुडबुडे येतात आणि एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा विरून जातो. पांढरट साय तेवढी उरते. मित्राकडे त्याच्या क्रीमनं छान होतो. माझ्या साबणाला सिंथेटिक चालत नाही असं समजायचं का? मग बोअरच घ्यावा लागेल.

खडूसकाका
मी काय म्हणत होतो!

रसायनवाला
काका, जरा दमानं. :)

काठावरचा, ब्रश बदलण्याआधी पाणी तपासा. तुमच्याकडचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारी साय बनवतं. तेवढा साबण फेसाच्या कामातून बाद. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो का, किटलीच्या तळाशी खडू जमतो का, बघा. जमत असेल तर एक वाटीभर डिस्टिल्ड वॉटर घ्या, तोच साबण, तोच ब्रश, आणि फेस करा. फेस टिकला तर गुन्हेगार पाणी. मित्राचं पाणी वेगळं असेल, शिवाय क्रीममध्ये पाणी आधीच मिसळलेलं असतं, म्हणून नवशिक्याच्या हातानंही ते साधतं.

पाणी जड निघालं तरी घाबरण्यासारखं नाही. साबण जास्त उचलायचा, म्हणजे पाण्यानं खाल्ला तरी पुरून उरतो.

फेसबहाद्दर
रसायनवाल्यांशी सहमत, आणि मोठे बुडबुडे म्हणजे साबण कमी, पाणी जास्त. सिंथेटिक घेणाऱ्यांचं हमखास हेच होतं, कारण तो नळाखाली धरला की पोटात पाणी घेऊन येतो आणि वडीवर ओततो.

असं करा. ब्रश ओला करून चांगला झटका, टपकणं थांबलं पाहिजे. वडीवर अर्धा मिनिट तरी गोल फिरवा, दाबून नाही, टोकं वाकतील इतपतच. सुरुवातीला पातळ फेस दिसेल, त्याला भुलू नका. फिरवत राहा. हळूहळू बुडबुडे नाहीसे होतात, टोकांवर चिकट लेप चढतो आणि ब्रश वडीवर जड फिरायला लागतो. तिथे थांबायचं. आता वाडग्यात किंवा गालावर जा आणि बोटं बुडवून थेंब थेंब पाणी द्या. प्रत्येक थेंबानंतर काही सेकंद फिरवायचं. लेप आधी मॅट दिसतो, मग एका थेंबाला अचानक ओली चमक येते. दोन बोटांत घासून बघा, बोटं एकमेकांवरून सरकली पाहिजेत. चिकटली तर अजून पाणी. त्यानंतर बुडबुडे दिसायला लागले तर पाणी जास्त झालं, परत वडीवर एक फेरी.

गळ्याच्या पुरळासाठी: गालावर गोल फिरवा हवं तर, पण गळ्यावर रंगाऱ्याच्या ब्रशसारखा वरखाली सावकाश ओढा. गोल घासण्यानं त्वचा सोलवटते, नाजूक जागी ते नको.

असंच_एक
वरच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. एवढं तपशीलवार कोणी लिहीत नाही.

सटरफटर
ब्रश वाळवताना उलटा टांगावा की उभा ठेवावा? मी स्टँड घेतलाय, उलटाच टांगतो. उभा ठेवला की पाणी मुळाशी उतरून गोंद कुजतो म्हणतात.

मापाडी
म्हणतात खरं. पण टपकणारं पाणी झटकून काढल्यावर उरतं ते केसांच्या मधे धरून राहिलेलं. ते ना वर चढत ना खाली उतरत, उडूनच जातं. म्हणून टांगा नाहीतर उभा ठेवा, फारसा फरक नाही. फरक पडतो तो साबण मुळाशी राहण्यानं आणि बंद कपाटात कोंडण्यानं. नीट खळबळून धुवा, झटका, टॉवेलवर चार वेळा वरखाली फिरवा, मोकळ्या हवेत ठेवा.

नॉट मारण्याचा हमखास मार्ग म्हणजे उकळतं पाणी. त्यानं केस ठिसूळ होतात, गोंद सुटतो. हाताला सोसेल एवढंच गरम घ्या. बोअर भिजत घालताना फक्त केस बुडवा, मूठ नाही. लाकडी मूठ असेल तर विशेषकरून.

निंबोणी
माझ्या एका ब्रशचा अख्खा गुच्छ मुठीतून उपटून हातात आला होता. विक्रेत्यानं हात झटकले. घरीच जुना गोंद खरवडून इपॉक्सीनं बसवला, तेव्हापासून ठणठणीत आहे. कंपनीपेक्षा माझा गोंद चांगला.

खडूसकाका
शाब्बास.

असंच_एक
केस गळण्याबद्दल एक सांगून ठेवतो, नवीन लोक घाबरतात. पहिल्या काही दाढ्यांत चार-दोन केस गळणं नेहमीचंच, ते मुळात गोंदात न अडकलेले असतात. महिन्यानंतरही रोज गळत असतील किंवा एकाच जागेचे झुपकेच्या झुपके येत असतील तर नॉट सदोष. परत करा.

काठावरचा
डिस्टिल्ड वॉटरनं करून बघितलं. तोच साबण, मित्राचाच ब्रश, आणि फेस दुसरी फेरी होईपर्यंत जसाच्या तसा! पाणीच जड आहे आमच्याकडचं. आता नळाच्या पाण्यावर साबण जास्त उचलून, थेंब थेंब पद्धतीनं करतोय. डिस्टिल्डइतका नाही, पण टिकतो. गळ्यावर वरखाली फिरवल्यानं लाली कमी झाली आहे.

ठरलं मग. सिंथेटिक, २४चा नॉट, ५० लॉफ्ट, बल्ब, कमरेची मूठ. काका, माफी असावी. गळा शांत झाला की सेमोगचा विचार करीन.

तिरपा_डोळा
"विचार करीन." फ्रेमवाल्याला फोन केला आहे.

खडूसकाका
माफी कसली. ज्याचं पाणी जड आणि गळा नाजूक त्याला सिंथेटिकच बरा, हे मलाही पटलं. मात्र सेमोग घ्याल तेव्हा आधी साबणाचा फेस काढून तो तसाच रात्रभर ब्रशवर राहू द्या, सकाळी धुवा. असं काही वेळा केलं की वास जातो. आणि वापरण्याआधी दर वेळी पाच मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचा, हे विसरलात तर टोचला म्हणून माझ्याकडे येऊ नका.

आळशी_कासव
एक विचारू का? प्रवासात हे सगळं नेता कसं? म्हणजे कुतूहल आहे फक्त, घेणार वगैरे नाही.

मापाडी
प्रवासाला सिंथेटिकच न्यायचा, कारण निघायच्या आत वाळतो. जाड प्लास्टिकची नळी मिळते, तिला भोकं असलेलीच घ्या. ओला ब्रश बंद नळीत दिवसभर कोंडला की बुरशीचा वास धरतो. साबणाची काठी मिळते ती न्या, वाडगा नको. काठी थेट ओल्या खुंटांवर घासायची आणि गालावरच फेस काढायचा. घ्यायचाच झाला तर तुम्हाला २२चा पुरेल.